अ‍ॅरेवरच्या क्रियेचा खर्च कसा मोजावा

चर्चगेट ते विरार या उपनगरी मार्गावरील स्थानकांची यादी एखाद्या प्रोग्राममध्ये अ‍ॅरे म्हणून, म्हणजे ओळीने लावलेल्या खणांत, साठवली आहे, असे समजू. या यादीत अलीकडे दोन बदल करावे लागले. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये राम मंदिर हे नवे स्थानक सुरू झाले, आणि जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. कागदावर दोन्ही बदल एकेका ओळीचे आहेत. अ‍ॅरेच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक आहे. नाव बदलताना एकाच खणातला मजकूर बदलला आणि बाकीच्या यादीला त्याचा पत्ताही लागला नाही. नवे स्थानक मध्ये घालताना मात्र गोरेगावपासून विरारपर्यंतच्या ११ स्थानकांना एकेक घर पुढे सरकावे लागले, तेव्हा कुठे राम मंदिराला जागा झाली.

दादरला संध्याकाळच्या वर्गात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवताना मी याच यादीपासून सुरुवात करतो. बहुतेक विद्यार्थी मुलाखतीच्या तयारीसाठी टाइम कॉम्प्लेक्सिटीचा, म्हणजे कोणत्या क्रियेला किती काम पडते याचा, तक्ता पाठ करून आलेले असतात: वाचणे ओ(१), शोधणे ओ(एन), मध्ये भरणे ओ(एन), आणि असेच पुढे. तक्त्यात चूक नसते. परंतु त्यात नसलेली एखादी क्रिया समोर आली, किंवा दोन क्रिया एकमेकींत गुंफल्या गेल्या, की पाठांतर तिथेच थांबते. अ‍ॅरे संगणकाच्या मेमरीत कसा मांडलेला असतो हे एकदा नीट समजून घेतले, तर तक्त्याची गरज राहत नाही. मग कोणत्याही क्रियेचा खर्च दोन प्रश्न विचारून काढता येतो: या क्रियेसाठी किती घटक पाहावे लागतात, आणि किती घटक हलवावे लागतात?

मांडणी आधी समजून घ्यावी

अ‍ॅरेचे घटक मेमरीमध्ये सलग, एकाला एक लागून ठेवलेले असतात आणि प्रत्येक घटकाने व्यापलेली जागा सारखीच असते. या दोन अटींमधूनच पुढचे सगळे निघते. अ‍ॅरेची सुरुवात ५००० या पत्त्यावर आहे आणि प्रत्येक घटक ८ बाइटचा आहे असे धरले, तर १६ इंडेक्स असलेला घटक ५००० अधिक १६ गुणिले ८, म्हणजे ५१२८ या पत्त्यावर असणार, हे एक गुणाकार आणि एक बेरीज करून कळते. आधीचे १६ घटक ओलांडत जावे लागत नाही. इंडेक्स ० पासून का सुरू होतो, याचे उत्तरही याच सूत्रात आहे: इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचे अंतर, आणि पहिला घटक सुरुवातीपासून शून्य अंतरावर असतो. आपल्या यादीत चर्चगेट ०, प्रभादेवी ७, अंधेरी १५, जोगेश्वरी १६ आणि विरार २८.

पायथनच्या लिस्टमध्ये, म्हणजे त्या भाषेतल्या अ‍ॅरेमध्ये, तर एका खणात आकडा आणि दुसऱ्या खणात लांबलचक मजकूर असू शकतो, मग सारख्या मापाची अट कशी पाळली जाते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारतात. त्या खणांत खुद्द वस्तू नसते, तिचा पत्ता असतो. आणि नेहमीच्या ६४ बिटच्या संगणकावर प्रत्येक पत्ता ८ बाइटचाच असतो. वस्तू मेमरीत कुठेही विखुरलेल्या असल्या तरी पत्त्यांची ओळ सलग आणि समान मापाचीच राहते, आणि म्हणून वरचे सूत्र तिलाही लागू पडते.

सूत्राने काढलेल्या पत्त्यावरचा मजकूर हाती यायला सारखाच वेळ लागतो, हे आपण गृहीत धरतो ते मेमरीच्या रचनेमुळे. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात ४० बिटच्या २०४८ शब्दांची, म्हणजे खणांची, चुंबकीय कोर मेमरी होती, आणि त्यांतला पहिला शब्द वाचायचा असो वा शेवटचा, लागणारा वेळ तोच असे. मेमरीचा आकार आज कल्पनेपलीकडे वाढला आहे. अ‍ॅरेची सारी भिस्त मात्र अजूनही याच गुणावर आहे.

आता ‘ओ’ या खुणेबद्दल थोडेसे. पाउल बाखमान या जर्मन गणितज्ञाने ती १८९४ मध्ये वापरली आणि एडमुंड लांडाऊ यांनी १९०९ मध्ये ती पुढे रूढ केली. संगणकशास्त्राने ती संख्याशास्त्रातून नव्हे, अंकसिद्धांतातून उचलली आहे. तिचा आपल्यापुरता अर्थ असा की घटकांची संख्या एन वाढत गेली तर काम कोणत्या गतीने वाढते. काम एनच्या प्रमाणात वाढत असेल तर ओ(एन), एनशी त्याचा संबंध नसेल तर ओ(१). प्रत्येक घटकामागे २ कामे होतात की ५, हे या खुणेत दिसत नाही. तो फरक नगण्य आहे असे मात्र कोणी समजू नये. तो वेगळा मोजायचा असतो, इतकेच.

वाचणे, बदलणे आणि लांबी विचारणे

इंडेक्स माहीत असेल तर घटक वाचणे आणि बदलणे या दोन्ही क्रिया ओ(१) आहेत. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी करणे हे याचेच उदाहरण. लांबी विचारणेही बहुतेक भाषांत ओ(१) आहे, कारण पायथन, जावा किंवा सी प्लस प्लसचा व्हेक्टर लांबी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवतात किंवा लगेच काढू शकतात. सी भाषेतील मजकूर मात्र याला ठळक अपवाद आहे. तिथे शेवट ओळखण्यासाठी शून्याची खूण असते आणि स्ट्रलेन हे फंक्शन ती सापडेपर्यंत एकेक अक्षर मोजत जाते. लूपच्या अटीतच स्ट्रलेन लिहिले, तर कंपायलरने ते आपणहून बाहेर काढले नाही तर प्रत्येक फेरीला सगळा मजकूर पुन्हा मोजला जातो आणि ओ(एन) चे काम ओ(एन वर्ग) होते. लांबी लूपच्या आधी एकदा काढून ठेवावी.

शोधणे

‘वसई रोड यादीत कितवे आहे?’ हा प्रश्न इंडेक्स विचारतो, देत नाही. इथे पत्त्याचे सूत्र कामाला येत नाही. सुरुवातीपासून एकेक नाव ताडून पाहावे लागते. नाव यादीत नसेल तर सगळे एन घटक पाहून झाल्याशिवाय ‘नाही’ असे म्हणता येत नाही. नाव असेल आणि ते कुठेही असण्याची शक्यता सारखी असेल, तर सरासरी निम्मे घटक पाहावे लागतात, पण निम्मेही एनच्याच प्रमाणात वाढतात. म्हणून क्रमवार शोध ओ(एन). सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान घटक काढणेही, यादी क्रमाने लावलेली नसेल तर, ओ(एन)च. एक जरी घटक न पाहता सोडला तर तोच सर्वांत मोठा निघण्याची शक्यता उरते.

यादी एखाद्या क्रमाने लावलेली असेल तर बायनरी सर्च वापरता येतो. आपली यादी नावांच्या क्रमाने नाही, त्यामुळे नावाने शोधताना त्याचा उपयोग नाही. पण प्रत्येक स्थानकाचे चर्चगेटपासूनचे अंतर दुसऱ्या अ‍ॅरेमध्ये साठवले, तर ती अंतरे आपोआपच चढत्या क्रमाने येतात, आणि ‘अमुक किलोमीटरच्या पुढचे पहिले स्थानक कोणते’ हा प्रश्न बायनरी सर्चने सुटतो. मधला घटक पाहायचा, आणि उत्तर कोणत्या अर्ध्यात आहे हे ठरवून दुसरे अर्धे सोडून द्यायचे. २९ स्थानकांसाठी जास्तीत जास्त ५ वेळा, १० लाख घटकांसाठी २० वेळा आणि १ कोटी घटकांसाठी २४ वेळा पाहावे लागते. घटक दुप्पट झाले की एकच पाहणी वाढते, हा ओ(लॉग एन) चा अर्थ आहे.

बायनरी सर्च लिहिताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, मधला इंडेक्स काढताना डावी आणि उजवी हद्द मिळवून २ ने भागण्याची सवय. ३२ बिटच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे अ‍ॅरे फार मोठा असेल तर ती बेरीज उलटून ऋण होते. जावाच्या प्रमाणित ग्रंथालयात हीच चूक होती आणि ते लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती उघडपणे मांडली. डाव्या हद्दीत दोन्ही हद्दींच्या फरकाचा अर्धा भाग मिळवला, तर हा धोका राहत नाही. पायथनच्या पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, तरी सवय सुरक्षित पद्धतीचीच लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पायथनमध्ये बायनरी सर्च रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारून, लिहिताना अनेक जण यादीचा अर्धा तुकडा स्लाइस करून (कापून) पुढच्या हाकेला देतात. कोड देखणा दिसतो. पण लिस्टचा स्लाइस म्हणजे त्या तुकड्याची नवी प्रत, आणि प्रत काढताना तुकड्यातला प्रत्येक घटक हलतो. पहिल्या हाकेत एनचा अर्धा, दुसऱ्या हाकेत पाव, तिसऱ्या हाकेत अष्टमांश. बेरीज जवळजवळ एन होते. घटक पाहिले २०, हलवले १० लाख! बायनरी सर्च म्हणून लिहिलेली ही पद्धत प्रत्यक्षात ओ(एन) आहे. तुकडा देण्याऐवजी दोन्ही हद्दींचे इंडेक्स द्यावेत.

एकदाच शोधायचे असेल तर त्यासाठी यादी आधी क्रमाने लावू नये. क्रम लावणे साधारणपणे ओ(एन लॉग एन) आहे, म्हणजे एका क्रमवार शोधापेक्षा महाग. पायथनची क्रम लावण्याची पद्धत टिमसॉर्ट आधीच क्रमात असलेल्या यादीवर ओ(एन) मध्ये संपते हे खरे, पण तरीही ती एका शोधापेक्षा स्वस्त ठरत नाही. त्याच यादीत शेकडो वेळा शोधायचे असेल, तेव्हा एकदा केलेला हा खर्च वसूल होतो.

मध्ये भरणे आणि काढणे

राम मंदिर स्थानकाकडे पुन्हा वळू. यादीत आधी २८ स्थानके होती आणि नव्याला १७ हा इंडेक्स हवा होता. १७ वर गोरेगाव होते, त्याला १८ वर नेण्याआधी १८ वरच्या मालाडला १९ वर न्यावे लागते, आणि अशी साखळी विरारपर्यंत जाते. म्हणून सरकवणे विरारपासून उलट्या दिशेने सुरू करावे लागते. पुढून सुरू केले तर गोरेगाव मालाडवर लिहिले जाईल आणि मालाड कायमचे हरवेल. एखादा घटक काढून टाकताना दिशा उलटी: पोकळी भरण्यासाठी नंतरचे घटक पुढून एकेक करून मागे आणायचे. दोन्ही क्रियांत, जागेच्या नंतर जितके घटक आहेत तितके हलतात. अगदी सुरुवातीला भरले तर सगळे एन हलतात, शेवटी भरले तर एकही नाही, आणि सरासरी निम्मे. म्हणून मध्ये किंवा सुरुवातीला भरणे आणि काढणे ओ(एन).

क्रमाने लावलेल्या यादीत नवा घटक भरताना बायनरी सर्चमुळे जागा ओ(लॉग एन) मध्ये सापडते, म्हणून संपूर्ण क्रियाच ओ(लॉग एन) आहे असे उत्तर परीक्षेत वारंवार लिहिले जाते. जागा सापडली तरी ती मोकळी करावी लागतेच. पाहिलेले घटक थोडे, हलवलेले घटक पुष्कळ, खर्च ओ(एन).

सुरुवातीचा घटक काढण्याच्या किमतीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ग्राहकांच्या विनंत्या आलेल्या क्रमाने हाताळणारा एक प्रोग्राम लिहिला होता. विनंत्या लिस्टमध्ये जमा होत आणि प्रत्येक वेळी ० इंडेक्सचा घटक पॉप करून, म्हणजे काढून घेऊन, मी पुढची विनंती घेत असे. चाचणीत दोन-तीनशे विनंत्या होत्या आणि सगळे क्षणात होत होते. प्रत्यक्ष वापरात एके दिवशी यादी १ लाखावर गेली आणि प्रोग्राम रेंगाळू लागला. हिशेब केला तेव्हा कारण कळले: पहिल्या पॉपला ९९,९९९ घटक सरकतात, दुसऱ्याला ९९,९९८, आणि यादी रिकामी होईपर्यंत एकूण जवळपास ५०० कोटी सरकवण्या होतात. संगणक सलग मेमरी मोठमोठ्या गठ्ठ्यांनी फार वेगाने हलवतो, म्हणून लहान यादीत हा खर्च जाणवतही नाही, आणि म्हणूनच तो चाचणीत सापडत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. रांग हवी असेल तर पायथनमध्ये डेक (दोन्ही टोकांनी उघडी रांग) आणि जावामध्ये अ‍ॅरेडेक वापरावा. दोन्हींत दोन्ही टोकांना भरणे-काढणे ओ(१) आहे. पायथनच्या डेकमध्ये मधला घटक इंडेक्सने वाचणे मात्र ओ(एन) होते, हे ध्यानात ठेवून निवड करावी. यादी पुन्हा वाढणार नसेल तर याहून साधा मार्ग म्हणजे घटक न काढता ‘पुढचा कोण’ एवढा एक इंडेक्स पुढे नेत राहणे.

क्रमाला महत्त्व नसेल तेव्हा मधला घटक काढण्याची आणखी एक युक्ती मी आवर्जून शिकवतो. काढायच्या घटकाच्या जागी शेवटचा घटक आणून ठेवावा आणि मग शेवटचा खण काढून टाकावा. एकच घटक हलला, खर्च ओ(१). स्थानकांच्या यादीत हे कधीही करू नये, राम मंदिर काढले तर विरार जोगेश्वरीनंतर येऊन बसेल. पण हजर असलेल्या विद्यार्थ्यांच्या किंवा चालू जोडण्यांच्या यादीत क्रमाला अर्थ नसतो, तिथे ती अगदी योग्य आहे.

शेवटी जोडणे

शेवटी जोडताना कोणीच सरकत नाही, म्हणून ते ओ(१) असावे असे वाटते. पण अ‍ॅरेसाठी घेतलेली जागा भरली असेल तर काय? गिरगावातल्या चाळीत शेजारच्या खोलीत दुसरे बिऱ्हाड असते. आपले कुटुंब वाढले म्हणून भिंत पाडून पलीकडे जाता येत नाही. मोठी जागा शोधून सगळे सामान तिकडे न्यावे लागते. मेमरीतही अ‍ॅरेला लागूनची जागा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असू शकते. तेव्हा मोठी जागा घेऊन सगळे एन घटक तिकडे हलवतात आणि जुनी जागा मोकळी करतात. त्या एका जोडणीचा खर्च ओ(एन) असतो.

ही नवी जागा किती मोठी घ्यावी, यावर सगळे अवलंबून आहे. १० घटकांच्या जागेपासून सुरुवात करून दर वेळी आणखी १० घटकांचीच जागा वाढवली, तर १ लाख घटक जोडेपर्यंत १०, २०, ३० असे करत एकूण सुमारे ५० कोटी हलवण्या होतात. त्याऐवजी दर वेळी जागा दुप्पट केली, तर १०, २०, ४० असे करत ८१,९२० पर्यंतची बेरीज फक्त १,६३,८३० येते. म्हणजे एका घटकामागे दोन हलवण्यासुद्धा पडत नाहीत. एखादी जोडणी महाग पडली तरी तिचा भार आधीच्या असंख्य स्वस्त जोडण्यांवर वाटला जातो. या हिशेबाला अमॉर्टाइज्ड म्हणतात, आणि शेवटी जोडणे अमॉर्टाइज्ड ओ(१) आहे असे म्हणण्याचे कारण हेच.

दुप्पटच केले पाहिजे असे नाही. पटीने वाढवले पाहिजे, ही खरी अट आहे. जावाची अ‍ॅरेलिस्ट जागा दीडपट करते, जीसीसी या कंपायलरसोबत येणारा सी प्लस प्लसचा व्हेक्टर दुप्पट करतो आणि सीपायथनची (पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीची) लिस्ट साधारण अष्टमांशाने वाढते. पट लहान असेल तर रिकामी जागा कमी राहते आणि हलवण्या वाढतात. उलट केले तर उलट. किती घटक येणार हे आधीच माहीत असेल, तर व्हेक्टरमध्ये रिझर्व्ह वापरून किंवा अ‍ॅरेलिस्ट तयार करतानाच क्षमता सांगून हे स्थलांतर पूर्ण टाळता येते. प्रत्येक जोडणी ठरावीक वेळेतच झाली पाहिजे अशी सक्ती असलेल्या प्रणालीत अमॉर्टाइज्ड हिशेबावर विसंबू नये, कारण एखादी जोडणी तिथेही ओ(एन) असतेच.

एका ओळीत दडलेले लूप

आजच्या भाषांनी लिहिणे सोपे केले, आणि त्यामुळे खर्च नजरेआड गेला. पायथनमध्ये ‘इन’ हा शब्द लिस्टवर वापरला की तो क्रमवार शोध असतो. रिमूव्ह आधी शोधतो आणि मग सरकवतो. दोन याद्या अधिक चिन्हाने जोडल्या की दोन्हींतले सगळे घटक नव्या यादीत उतरवले जातात. लूपमध्ये एकेक घटकाची यादी अशी जोडत गेल्यास ओ(एन वर्ग) होतो, तर अपेंड केल्यास, म्हणजे त्याच यादीच्या शेवटी जोडल्यास, ओ(एन). उलट क्रम लावणे, प्रत काढणे, यादीची दुसऱ्या यादीशी तुलना करणे, या सगळ्या एका ओळीच्या क्रिया वाईट परिस्थितीत ओ(एन) आहेत.

यांपैकी ‘इन’मुळे सर्वांत जास्त नुकसान होते. नावे एकदाच यावीत म्हणून प्रत्येक नव्या नावासाठी ‘हे आधी आले आहे का’ असे लिस्टमध्ये विचारणारा लूप अनेकांच्या पहिल्या प्रकल्पात असतो. नावे एन असतील आणि सगळी वेगळी असतील, तर तुलना एनच्या वर्गाच्या निम्म्या होतात. लिस्टच्या जोडीला एक सेट (एखादी वस्तू आहे की नाही हे झटकन सांगणारा संग्रह) ठेवून विचारणा सेटकडे केली, तर प्रत्येक विचारणा सरासरीने ओ(१) होते, आणि क्रम लिस्टमध्ये जसाच्या तसा राहतो.

स्वतःच्या प्रोग्रामचा हिशेब करताना

प्रथम एन म्हणजे नेमके काय ते लिहावे. दोन स्वतंत्र याद्या असतील तर दोन अक्षरे घ्यावीत. १ लाख ग्राहक आणि २९ स्थानके यांना एकच अक्षर दिले तर हिशेब फसवा होतो. मग प्रत्येक ओळीला आपले दोन प्रश्न विचारावेत. एकामागून एक येणाऱ्या ओळींच्या खर्चांची बेरीज करावी, लूपच्या आतल्या खर्चाचा फेऱ्यांशी गुणाकार करावा, आणि शेवटी सर्वांत वेगाने वाढणारे पद ठेवावे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. यादीतून ठरावीक अट पूर्ण करणारे सगळे घटक काढायचे आहेत. सरळ मार्ग असा सुचतो की यादीवर लूप फिरवावा आणि असा घटक दिसला की काढून टाकावा. लूपच्या एन फेऱ्या, आत प्रत्येक काढणीला ओ(एन), म्हणून एकूण ओ(एन वर्ग). शिवाय फिरता फिरता काढल्याने पुढचा घटक मागे सरकून तपासणीतून निसटतो, म्हणजे उत्तरही चुकते. त्याऐवजी दोन इंडेक्स घ्यावेत: एक वाचण्याचा, एक लिहिण्याचा. वाचणारा प्रत्येक घटकावर जातो. घटक ठेवायचा असेल तर तो लिहिणाऱ्याच्या जागी उतरवून लिहिणारा एक घर पुढे जातो. ठेवायचा नसेल तर लिहिणारा जागेवरच थांबतो. शेवटी लिहिणाऱ्याच्या पुढची शेपूट कापून टाकावी. प्रत्येक घटक एकदा पाहिला आणि फार तर एकदा हलला. ओ(एन), जादा जागा न घेता, आणि क्रमही टिकून.

काही वेळा खर्च कमी होत नाही, पण तो आधी करून ठेवता येतो. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांचा सांताक्रूझचा रोजचा पाऊस एका अ‍ॅरेमध्ये आहे असे समजू. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत एकूण किती’ हा प्रश्न प्रत्येक वेळी बेरीज करून सोडवला तर ओ(एन). त्याऐवजी १२३ खणांचा एक अ‍ॅरे करावा, ज्याच्या पहिल्या खणात ० आणि पुढच्या प्रत्येक खणात तोवरच्या सर्व दिवसांची बेरीज असेल. १ जूनचा इंडेक्स ० धरला तर जुलैचे दिवस ३० ते ६० येतात, आणि जुलैचा एकूण पाऊस म्हणजे ६१ व्या इंडेक्सवरील बेरजेतून ३० व्या इंडेक्सवरील बेरीज वजा. तयारीला एकदाच ओ(एन), नंतर प्रत्येक उत्तर ओ(१).

पण एखाद्या दिवसाची नोंद मागाहून दुरुस्त झाली, तर त्या दिवसानंतरच्या सगळ्या बेरजा बदलाव्या लागतात, म्हणजे दुरुस्ती ओ(एन) झाली. दुरुस्त्या क्वचित आणि प्रश्न भरपूर असतील तर हा सौदा उत्तम आहे. दोन्ही भरपूर असतील तर फेनविक ट्री ही बेरजा झाडासारख्या साठवणारी रचना वापरावी, तिच्यात प्रश्न आणि दुरुस्ती दोन्ही ओ(लॉग एन) आहेत. आणि लागोपाठच्या ७ दिवसांतला सर्वाधिक पाऊस हवा असेल, तर ११६ वेळा सात-सात आकडे मिळवत बसण्याऐवजी आधीच्या आठवड्याच्या बेरजेत नवा दिवस मिळवावा आणि सर्वांत जुना वजा करावा.

घड्याळ लावून पडताळा

हिशेब झाल्यावर तो मोजून पाहावा. १ लाख, २ लाख आणि ४ लाख घटकांवर तीच क्रिया चालवून वेळ नोंदवावी. घटक दुप्पट केल्यावर वेळ तितकीच राहिली तर ओ(१), दुप्पट झाली तर ओ(एन), दुपटीहून किंचित अधिक झाली तर ओ(एन लॉग एन), चौपट झाली तर ओ(एन वर्ग). शंभर-दोनशे घटकांवर हे करू नये. तिथे प्रोग्राम सुरू होण्याचाच वेळ मोजला जातो. प्रत्येक मापन काही वेळा करून त्यातला सर्वांत कमी वेळ घ्यावा, कारण संगणकावर चालू असलेली इतर कामे वेळ वाढवतात, कमी कधीच करत नाहीत.

मोजलेले हिशेबाशी जुळले नाही, तर आधी दडलेली प्रत शोधावी: एखादा स्लाइस, एखादे अधिक चिन्ह, लिस्टवरचा एखादा ‘इन’. तेही नसेल आणि वाढीची गती बरोबर असूनही वेळ अपेक्षेच्या कितीतरी पट लागत असेल, तर घटकांना भेट देण्याचा क्रम तपासावा. प्रोसेसर मेमरीतून एकेक घटक आणत नाही. बहुतेक प्रोसेसर ६४ बाइटचा तुकडा एकदम आणतात, म्हणजे ८ बाइटचे ८ घटक. ओळीनुसार साठवलेल्या द्विमितीय अ‍ॅरेमध्ये आपण स्तंभानुसार फिरलो, तर त्या आठांपैकी एकच वापरून पुढच्या तुकड्याकडे उडी मारतो. दोन्ही प्रकारे काम तितक्याच घटकांचे असते. आतला आणि बाहेरचा लूप अदलाबदल करून पुन्हा वेळ मोजावी.